बरणीवरची सही

मंगळवारी दुपारी मायचा फोन आला, तेव्हा माझा डोळा रिफ्रॅक्टोमीटरला लागलेला होता. हे हातात मावणारं, छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र. काचेवर मधाचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरायचं आणि निळा आणि पांढरा रंग जिथं एकमेकांना भेटतात त्या रेषेवरचा आकडा वाचायचा. मधात पाणी किती, ते कळतं. कामाच्या वेळेत माय कधी फोन करत नाही, म्हणून उचलला. तिनं एकच विचारलं, "तू आनेल बरनी कितला दिन टिकस वं?"

मध खराब होत नाही, झाकण घट्ट लावत जा, असं सांगून मी फोन ठेवला. ती का विचारतेय हे मी विचारलं नाही. प्रश्न माझ्या विषयातला होता, उत्तर मला येत होतं, मी दिलं. ही माझी जुनी खोड आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. चोपड्याला रोज एसटीनं जाऊन बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते, इथंही सांगितलंच. घरात कुठलाही प्रश्न निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला गप्प बसता येत नाही.

जळगावला एका खासगी लॅबमध्ये मी मध तपासते. डाळी, मसाले, तेल हेही असतं, पण मधाचं टेबल माझं. मध कसा ओळखायचा याच्या लोकांकडे शंभर युक्त्या असतात. कुणी काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवतो, कुणी ग्लासभर पाण्यात थेंब सोडतो, कुणी वर्तमानपत्रावर टाकून शाई पसरते का बघतो. आमच्याकडे नमुने आणणारे एक वयस्कर मारवाडी शेठजी आहेत, ते तर कापसाची वात मधात भिजवून दुकानात पेटवून बघतात आणि मगच माझ्याकडे येतात. यातल्या एकाही युक्तीनं काही सिद्ध होत नाही. साखरेचा पाक घट्ट केला तर तोही तळाशी बसतो. आणि थंडीत मध गोठला, रवाळ झाला, की लोक म्हणतात साखर घातली; खरं तर चांगला मधही गोठतो. मग दुकानदार तो गिऱ्हाइकासाठी गॅसवर वितळवतात आणि चांगला मध बिघडवतात. तापवलेल्या मधात एक पदार्थ वाढतो. नमुन्यातून ईथरनं तो ओढून घेऊन वर रेसॉर्सिनॉलचे थेंब टाकले की चेरीसारखा लाल रंग येतो. तो लाल रंग माझ्या टेबलावर कुणालाही चुकवता येत नाही. पाणी, साखरा, तापवलाय की नाही, सूक्ष्मदर्शकाखाली फुलांचे पराग दिसतात का, एवढं सगळं जमलं आणि पाणी वीस टक्क्यांच्या आत असलं तर वरची प्रत, स्पेशल. खाली माझी सही.

घरी गेलेली बरणी तशीच होती. कांद्याचं बियाणं घेतात त्या शेतात ठेवलेल्या पेट्यांमधला मध. नमुना आला तेव्हा त्याला कांद्याचा उग्र वास होता, घरी बरणी उघडली तोवर तो निघून गेला होता. प्रत्येक नमुन्याची एक बरणी आम्ही, वर तपासणाऱ्याच्या सहीचं लेबल लावून, सीलबंद राखून ठेवतो, उद्या कुणी भांडायला आलं तर असावी म्हणून. मुदत संपली की टाकून देतात. एवढा सुरेख मध मोरीत ओतायचा माझा जीव होईना. सरांना, म्हणजे आमच्या मुख्य केमिस्टना विचारलं, आणि दिवाळीत ती बरणी नानांसाठी घेऊन गेले.

नाना म्हणजे माझे वडील. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. नाना लोकांच्या केळीबागांमध्ये ड्रिपच्या नळ्या अंथरतात, तुंबलेल्या मोकळ्या करतात. दिवसभर ओल्या मातीत उभं राहायचं काम. दोन वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली, तेव्हा त्यांनी चहातली साखर सोडली आणि मधाचं पाणी सुरू केलं. मधाची साखर वेगळी, ती लागत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी त्यांना खूप बोलले. मधात निम्म्याहून कितीतरी जास्त साखरच असते, जांभळाचा म्हणा नाहीतर कडुलिंबाचा म्हणा. मग त्यांनी तेही सोडलं. म्हणजे माझं ते ऐकतात. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांनी ऐकल्यामुळेच झालं.

दिवाळीत बरणी बघून नाना म्हणाले, खायची नाही तर आणली कशाला. मी म्हटलं माय खाईल, तुम्हाला खोकला झाला तर अर्धा चमचा चाटा. आणि मग, कुणी विचारलं नसताना, मी पुढे बोलत गेले. मध जखमेवर लावतात, भाजलेल्यावर लावतात, मोठमोठ्या दवाखान्यांतसुद्धा लावतात. तो जखमेतलं पाणी ओढून घेतो, जंतूंना वाढू देत नाही. मी हे वाचलेलं होतं आणि ते खरंही आहे. ओट्यावर शेजारचे दोघं-तिघं बसले होते, तेही ऐकत होते. नानांनी बरणी फिरवून लेबलावरची माझी सही त्यांना दाखवली. "मनी आंडेरनी तपासेल मध शे हाऊ," असं ते म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. बरणी देवाच्या कोनाड्यात गेली.

गुरुवारी सकाळी मायचा पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज खाली होता. "नानाना पायना वास येस. बठ्ठं घर वास मारस."

मी रजा टाकली आणि मिळाली ती बस पकडली.

घरात शिरले तेव्हा आधी दिसल्या त्या वाट्या. नानांच्या खाटेचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांमध्ये ठेवलेले होते. आमच्याकडे दुधाच्या, गुळाच्या कपाटाखाली अशा वाट्या ठेवतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. माणसाच्या खाटेखाली मी त्या पहिल्यांदा पाहिल्या. पाण्यावर काळ्या मुंग्या तरंगत होत्या. नाना खाटेवर बसले होते, उजव्या पायावर माझी जुनी ओढणी गुंडाळलेली, धुऊन स्वच्छ केलेली.

महिनाभरापूर्वी नळीला जमिनीत धरून ठेवणारी प्लास्टिकची खुंटी तळव्यात घुसली होती. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली. नानांनी कुणाला सांगितलं नाही. हात साबणानं धुऊन, स्वच्छ चमच्यानं, सकाळ-संध्याकाळ ते माझा मध लावत होते. माय दवाखान्याचं बोलली की ते बरणीकडे बोट दाखवायचे. कामही चालूच होतं. मग एका सकाळी मायनं पाहिलं तर मुंग्यांची रांग भिंतीवरून खाटेवर, खाटेवरून ओढणीत गेलेली. नाना शांत झोपलेले होते. तिनं वाट्या ठेवल्या आणि मंगळवारी मला फोन केला. बरणी किती दिवस टिकते, असं तिनं विचारलं होतं, कारण मध जुना झाल्यानं वास येत असेल असं तिला वाटलं होतं.

मी ओढणी सोडायला लागले. नाना पाय मागे घेत होते. "दुखत नही ना बेटा. दुखत नही म्हंजे लागू पडनं."

जखम रुपयाएवढी होती. कडेनं पांढरी, मऊ पडलेली, मध्ये काळपट. बोट सुजून चकाकत होतं आणि घोट्याच्या वर नडगीपर्यंत लाली चढली होती. पण जखमेपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. मुंग्या त्या मांसात शिरल्या होत्या आणि हा माणूस झोपला होता.

शुगरनं पाय बधिर झालाय का हे कसं बघतात, ते एका शिबिरात मी पाहिलं होतं, तसं केलं. झाडूची एक काडी मोडून घेतली. नानांना म्हटलं, "डोया मिटा आनि सांगा, काडी कोठे लागनी."

त्यांनी डोळे मिटले. मी टाचेला काडी टोचली. ते गप्प. करंगळीला टोचली. गप्प. मग मी काडी मागे घेतली, कुठंच लावली नाही, आणि नाना चटकन म्हणाले, "आते. अंगठाजोडे." आत्ता लागली, अंगठ्याजवळ. शाळेत उत्तर येत नसलेला पोरगा जसा सरांच्या तोंडाकडे बघून अंदाजानं बोलतो, तसं. फक्त नानांचे डोळे मिटलेले होते. माय दाराशी उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. नाना आणखी दोनदा बोलले, दोन्ही वेळा माझा हात माझ्या मांडीवर होता.

मी सांगितलं, आत्ता जळगावला जायचं. ते म्हणाले उद्याचा दिवस बघू, बागेत पाणी सोडायचंय, आणि मध लावतोच आहे. मी बरणी कोनाड्यातून काढून आणली. निम्मी झाली होती. ती त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "मी खावाना मध तपासा, नाना. जखमवर लावाना नही."

त्यांनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि लेबल वळवून बघितलं. मग विचारलं, "मंग तुनी सई खोटी शे का?"

माझ्या नोकरीत मला कुणी असं विचारलं असतं तर मी कागद तोंडावर टाकले असते. नानांना काय टाकणार. सही खरी होती. पाणी अठरा टक्के होतं, तापवलेला नव्हता, भेसळ नव्हती. मी सांगितलं की सही खरी आहे, पण त्या मधात कोणते जंतू आहेत हे मी बघितलेलंच नाही. खाणाऱ्याच्या पोटाला ते चालतं. उघड्या जखमेला चालत नाही. दिवाळीला मी अर्धंच बोलले. माझं चुकलं.

नानांनी ओढणी स्वतःच पायाला गुंडाळली आणि मायला म्हणाले, धोतर दे बदलायला. गावातल्या एकाची गाडी मिळाली. बरणी त्यांनी मांडीवर घेतली होती, मी काही म्हटलं नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही जळगावात पोचलो. डॉक्टरांनी पाय पाहिला, वास घेतला, आणि काय लावत होता ते विचारलं. नानांनी बरणी टेबलावर ठेवली. मी खाली बघत होते. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लेबल वाचलं, सहीवर बोट ठेवलं आणि ही कोण, असं विचारलं. मी म्हटलं, मी.

"यात काय काय तपासलंय?"

मी परीक्षेला बसल्यासारखं सांगत गेले. पाणी, साखरा, तापवण्याची खूण, पराग.

"जंतू?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, मध उत्तम आहे, घरी ठेवा, खोकल्याला वापरा. लहान बाळाला मात्र वर्षाच्या आत चाटवू नका. मधात जंतूंची बीजं असतात, ती मरत नाहीत, नुसती झोपून राहतात. जखमेसाठीचा मध वेगळा येतो. तापवला तर त्याचा गुण जातो, म्हणून तो किरणांनी निर्जंतुक करतात आणि सीलबंद ट्यूबमध्ये भरतात. "आणि तो लावायच्या आधी जखम साफ करावी लागते. सडलेल्यावर वरून कितीही भारी मध लावा, आत सडतच राहतं." हे सगळं त्यांनी मला सांगितलं, नानांना नाही. मला ते टोचलं. पण त्यांचं बरोबर होतं, चूक कुणाची ते त्यांना कळलं होतं.

एक्स-रे आला. बोटाचं हाड किडलं होतं. बोट काढावंच लागणार होतं, त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न वरच्या पायाचा होता. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि नानांच्या नडगीवर, लाली जिथं संपत होती तिथं, गोल रेघ ओढली. उद्या-परवा ही लाली रेघेच्या खाली सरकली तर पाय वाचला, म्हणाले. वर गेली तर गुडघ्याखाली कापावा लागेल.

नानांनी विचारलं, ड्रिपचं काम एका पायावर होतं का. डॉक्टर म्हणाले, ते आत्ता नको. नाना मग मायशी केळीच्या पाण्याचं बोलत बसले, कुठल्या बागेतला वॉल्व्ह कुणाला बंद करायला सांगायचा ते. जणू त्यांना दोन दिवस गावाला जायचंय.

त्याच रात्री बोट काढलं. त्यानंतरचे दोन दिवस मी त्या रेघेकडे बघत होते. शुक्रवारी सकाळी लाली रेघेला लागून होती. दुपारी मला वाटलं एका बाजूनं ती वर गेलीय. नर्सला बोलावलं, ती म्हणाली पायाखालची उशी हलली म्हणून तसं दिसतं. मी पुन्हा बघितलं. मला रोज रेषा वाचायची सवय आहे, माझा डोळा चुकत नाही असं लॅबमध्ये म्हणतात. पण त्या दिवशी मला काहीच वाचता येईना. खिडकीजवळ बघितलं तर एक, ट्यूबलाइटखाली बघितलं तर दुसरं. शेवटी मायनं मला बाजूला केलं आणि स्वतः बसली. ती शाळेत गेलेली नाही. तिनं बोट आडवं धरून मोजायला सुरुवात केली. संध्याकाळी तिनं सांगितलं, आहे तिथंच आहे. शनिवारी सकाळी ती म्हणाली, अर्धं बोट खाली. माझा विश्वास बसेना. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि पहिल्या रेघेच्या खाली दुसरी रेघ ओढली. मायनं बोट धरून दाखवलं, डॉक्टर म्हणाले बरोबर.

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

जखम स्वच्छ दिसायला लागल्यावर आठवड्यानं ड्रेसिंगच्या वेळी नर्सनं एक छोटी ट्यूब फोडली. घट्ट, काळसर तपकिरी धार पट्टीवर पडली. नानांनी मान उचलून विचारलं, काय आहे. मध, ती म्हणाली. नानांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग तिला विचारलं, "यावर कोनी सई शे?"

नर्सला अहिराणी येत नव्हती, मी सांगितलं तेव्हा ती हसली. मी ट्यूबचं खोकं हातात घेऊन वाचलं. लॉट क्रमांक होता, निर्जंतुक असल्याचा शिक्का होता, उघडल्यावर एकदाच वापरा असं लिहिलेलं होतं. सही कुणाचीच नव्हती. तसं सांगितल्यावर नाना म्हणाले, "सई नही, मंग भांडानं कोनासंगे?" माय त्यांना म्हणाली, गप्प पडा. पण मला कळलं की त्यांनी मला सोडलेलं नाही, आणि थोडं माफही केलंय.

कामावर परतल्यावर मी सरांकडे गेले. म्हटलं, मधाच्या अहवालात सहीच्या वर एक ओळ टाकायची: ही तपासणी खाण्याच्या मधाची आहे, जखमेवर लावण्यासाठी जंतूंची तपासणी केलेली नाही. सर म्हणाले, कुणी मागितलं नाही ते आपण का लिहायचं. मी नानांच्या पायाचं सांगितलं. मग त्यांनी ओळ छापली. शेठजींनी पहिला तसा अहवाल पाहिला आणि चष्मा वर केला. त्यांच्या बरणीवर 'औषधी मध' छापलेलं असतं. म्हणाले, बाई, माणूस मध खायला घेतो, तुम्ही त्याला जखमेची आठवण करून देता. मी म्हटलं, तुम्ही औषध लिहिता म्हणून मला लिहावं लागतं. महिनाभर ते आले नाहीत. मग आले. बरणीवरचा शब्द अजून तोच आहे, मी काही सगळं जिंकले नाही.

नाना आता पुढून बंद, मऊ चपला घालतात आणि वॉल्व्ह उघडण्यापुरतंच बागेत जातात. नळ्या दुसरा माणूस ओढतो, हे ते मला फोनवर दर वेळी ऐकवतात. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून माय त्यांचे तळवे बघते, बोटांच्या मधेसुद्धा. खाटेखालच्या वाट्या निघाल्या. बरणी कोनाड्यातच आहे, तिला कुणी हात लावत नाही.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा मी झाडूची काडी काढली. नानांनी न सांगता दोन्ही पाय पुढे केले आणि डोळे मिटले. डाव्या पायाच्या टाचेला टोचल्यावर म्हणाले, टाच. बरोबर होतं. करंगळीला गप्प राहिले. मग मी उजव्या पायाला, जिथं बोट नाही तिथं, काडी नेली आणि लावली नाही. थांबले. नानांच्या कपाळावर आठी आली. ओठ हलले, पण ते बोलले नाहीत.

मग डोळे न उघडताच त्यांनी नकाराची मान हलवली.

"कयत नही, बेटा."

मी म्हटलं, बरोबर.